ब्रेकच्या कामानंतर डाव्या पुढच्या चाकातून ठरावीक लयीत घासल्याचा आवाज : बेअरिंग बदलावे का?

मन्याडकाठ (अहमदपूर, जि. लातूर)

सर्व सदस्यांना नमस्कार. माझ्याकडे 2014 सालची, चार मीटरच्या आतली डिझेल सेडान आहे. टायर 165/80 आर 14 मापाचे आहेत आणि गाडी आजवर 98 हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या शुक्रवारी लातूरच्या एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि पॅड (ब्रेक लावल्यावर त्यांना दाबून धरणारे तुकडे) बदलून घेतले. जुन्या डिस्कच्या काठाला नखाला लागेल एवढी कड उभी राहिली होती आणि पॅडही संपत आले होते, त्यामुळे काम गरजेचे होते याबद्दल माझे काही म्हणणे नाही. काम चालू असताना मी निम्मा वेळ तिथे उभा होतो. मग मिस्त्री म्हणाले, "सर, तुम्ही चहा घेऊन या," आणि मी गेलो. पुढच्या अर्ध्या तासात नेमके काय झाले ते मी पाहिलेले नाही, पण हातोड्याचे घाव टपरीपर्यंत ऐकू येत होते एवढे आठवते.

परत येताना चाकूरच्या अलीकडे खताची पोती घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरमागे गाडी हळू करावी लागली, काच खाली घेतली आणि तेव्हा पहिल्यांदा डाव्या पुढच्या चाकातून "खर्र... खर्र... खर्र..." असा, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज ऐकू आला. तेव्हापासून तो रोज येतो. ताशी 15 किलोमीटरपासून तो सुरू होतो, वेग वाढला की त्याची लय वाढते, आणि 45 च्या पुढे वाऱ्याच्या व रस्त्याच्या आवाजात तो ऐकू येईनासा होतो. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तरी तो तसाच राहतो, म्हणून इंजिनाशी त्याचा संबंध नसावा. ब्रेकवर हलका पाय ठेवला की स्वर किंचित बदलतो, पण आवाज थांबत नाही. उजवीकडच्या वळणावर तो स्पष्ट वाढतो आणि डावीकडे वळताना जवळजवळ नाहीसा होतो. मुलाला शेजारी बसवून, काटा 20 वर स्थिर धरून, मोबाइलवर आवाज टिपला आणि मोजला, तर दहा सेकंदांत 28 वेळा भरला. मोजणीचा काही उपयोग होईल की नाही ते माहीत नाही, पण शिक्षकी पेशातल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

गॅरेजला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "वळणावर वाढतो ना? मग बेअरिंग गेलं. घेऊन या, बदलून टाकू." शुक्रवारी सकाळपर्यंत गप्प असलेले बेअरिंग शुक्रवारी संध्याकाळी ब्रेकच्या कामानंतरच कसे गेले, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न निकडीचा आहे. येत्या रविवारी केजहून मावशीला सोबत घेऊन, धारूरचा घाट उतरून माजलगावला लग्नाला जायचे आहे. या अवस्थेत गाडी न्यावी का?

परभणीकर

नमस्कार. मला यात काळजीचे काही दिसत नाही. नवे पॅड नव्या डिस्कवर बसायला थोडा अवधी लागतो आणि तोवर खरखर येतच असते. माझ्याही गाडीला अशी खरखर पंधरा दिवस होती, मग आपोआप थांबली. दोन-तीनशे किलोमीटर निवांत चालवा आणि बेअरिंगचा खर्च मात्र आत्ताच करू नका.

गोदाकाठचा फिटर (नांदेड)

मन्याडकाठ सर, नमस्कार. गॅरेजमध्ये तीस वर्षे काढली, पण आवाज मोजून आणणारे गिऱ्हाईक विरळाच भेटले. आपल्या त्या 28 च्या आकड्यानेच निम्मे काम केले आहे.

मात्र हिशेबाआधी एक गोष्ट. हे वाचून झाल्यावर लगेच डिकीतला पाना काढा आणि पुढच्या दोन्ही चाकांचे सर्व नट घट्ट आहेत का ते पाहा. चाक काढून लावल्यानंतर उद्भवलेल्या कोणत्याही आवाजात सर्वात आधी नट पाहायचे, कारण बाकी सगळी कारणे थांबू शकतात, हे थांबत नाही.

आता हिशेब. 165/80 म्हणजे टायरची रुंदी 165 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या 80 टक्के, म्हणजे 132. रिम 14 इंची, म्हणजे 356 मिलिमीटर. तिच्यात वरची आणि खालची भिंत मिळून 264 मिळवले की चाकाचा व्यास 620 मिलिमीटर येतो आणि परीघ 1.95 मीटरच्या आसपास. ताशी 20 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरहून थोडे अधिक. भागाकार केला तर चाक दहा सेकंदांत 28 फेरे घेते. आवाजही 28 वेळा येतो. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला एकदाच, एकाच जागी, काहीतरी लागते आहे.

खराब बेअरिंग असे बोलत नाही. त्यात गोळ्या अनेक असतात, आणि एखादी गोळी किंवा तिची वाट खरवडली गेली तर एका फेऱ्यात अनेक ठोके पडतात. कानाला ते सुटे लागत नाहीत, सलग "घूंऽऽ" असे लागतात. तो आवाज वेगाबरोबर चढतो, आणि 60-70 च्या वेगाला तर शेजारच्याशी मोठ्याने बोलावे लागते. आपला आवाज 45 ला वाऱ्यात बुडतो, ही गोष्ट बेअरिंगच्या विरोधात जाते.

वळणाचे म्हणाल, तर मिस्त्रींनी सांगितलेला नियम खोटा नाही, पण तो एवढ्या एकाच कारणाला लागू होत नाही. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो आणि बिघडलेले बेअरिंग तेव्हा ओरडते, हे खरे. परंतु त्याच भाराने हब, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसवतात तो फिरणारा भाग, केसभर कलते आणि त्याच्यासोबत डिस्कही कलते. डिस्कच्या आतल्या बाजूला एक पातळ गोल पत्रा असतो, चिखल-पाणी डिस्कवर उडू नये म्हणून दिलेला. आम्ही त्याला डस्ट कव्हर म्हणतो. तो नकलला, म्हणजे हबला धरून ठेवणाऱ्या न फिरणाऱ्या भागाला, पक्का असतो, त्यामुळे डिस्क कलली तरी तो जागचा हलत नाही. दोघांमधली फट आधीच कमी झालेली असेल, तर एका बाजूच्या वळणावर डिस्क त्याला जास्त घासते आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर सुटते. हा पत्रा हाताने वाकतो इतका नरम असतो. जुनी डिस्क हबला चिकटून बसली की मिस्त्री मागून हातोडा घालतात, आणि तो पत्र्यावर बसायला वेळ लागत नाही. आपण टपरीवर ऐकलेले घाव मला त्या दृष्टीने महत्त्वाचे वाटतात.

परभणीकरांचे म्हणणे मला पटत नाही. नवे पॅड बसतानाची खरखर ब्रेक दाबल्यावर येते आणि पाय काढला की थांबते. ही तर ब्रेकला हात न लावता येते आहे.

घरी तपासणी अशी करा. गाडी कठीण आणि सपाट जागेवर घ्या. अंगणात काळी माती असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवल्याशिवाय गाडी उचलू नका, कारण पावसानंतर ती माती जॅक गिळते. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि डावे पुढचे चाक जमिनीपासून चार बोटे उचला. गाडी नुसत्या जॅकवर असताना शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली घालू नका. मग चाक वरून आणि खालून धरून हलवून पाहा. खटखट लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट बघावा लागेल. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर लागली तर स्टिअरिंगच्या सांध्यांकडे जावे लागेल. त्यानंतर एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवा. बेअरिंग खराब असेल तर ती करकर कानाआधी स्प्रिंगवरच्या हाताला कळते. शेवटी चाक अगदी सावकाश फिरवा आणि जिथे घासल्याचे ऐकू येईल तिथे टायरवर खडूने खूण करा. चार-पाच फेरे घ्या. खुणा एकाच जागी पडतात की वेगवेगळ्या, ते मला कळवा.

आणखी दोन गोष्टी विचारतो. ब्रेक फारसा न लावता पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून थांबलात, की डाव्या आणि उजव्या रिमजवळ हात नेऊन पाहा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त तापलेली आहे का? आणि गाडी मूळची कुठली आहे?

जालनेकर

फिटरकाकांच्या हिशेबात एक भर घालतो. दर फेऱ्याला एकदा येणारा आवाज टायरचाही असू शकतो. आमच्या जालन्यात सळईचे कारखाने असल्यामुळे रस्त्यावर लोखंडाचे तुकडे पडलेले असतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीतून "टक् टक्" असा आवाज येऊ लागला. पॅड काढून घासले, पिना साफ केल्या, एक दिवस आणि मजुरी दोन्ही गेले, आणि शेवटी पंक्चरवाल्या पोराने टायरमध्ये आडवा रुतलेला बोटभर तारेचा तुकडा पकडीने उपसून माझ्या हातावर ठेवला. त्यामुळे चाक उचललेच आहे तर आधी टायरचा पूर्ण फेरा डोळ्यांखालून घालावा. आपला आवाज घासण्याचा आहे, ठोक्याचा नाही, म्हणून आपल्या बाबतीत ही शक्यता कमी वाटते. पण पाहायला पैसे पडत नाहीत.

मन्याडकाठ

काका, आपण सांगितल्याप्रमाणे आज सकाळी सर्व काही पाहिले. नट तपासले तेव्हा उजव्या चाकाचे चारही घट्ट निघाले, पण डाव्या चाकाचा एक नट जवळजवळ पाव फेरा फिरला. तो आवळला, आवाजात मात्र काही फरक पडला नाही. टायरमध्ये दोन बारीक खडे होते, तेही काढले. चाक कोणत्याच बाजूने हलत नाही, स्प्रिंगवर करकर लागत नाही आणि दोन्ही रिम सारख्याच कोमट आहेत. खडूच्या पाचही खुणा हवेच्या व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला, वीतभर जागेत पडल्या. मोबाइलचा दिवा लावून आत पाहिले तर पत्र्याच्या खालच्या भागावर एक चकचकीत ओरखडा दिसला, म्हणजे आपला अंदाज अचूक होता.

मग राहवले नाही. लांब पेचकस घालून पत्रा जरासा मागे रेटला आणि चाक फिरवले, तर आवाज पूर्ण बंद. किनगावपर्यंत जाऊन आलो, दोन्हीकडच्या वळणांवर गाडी चालवून पाहिली, अगदी शांत आहे. बेअरिंगचा खर्च वाचला. गाडी पहिली सहा वर्षे पनवेलला होती, क्रमांकही एमएच 46 चाच आहे. आपण ते का विचारले होते, हे आता नुसत्या कुतूहलाने विचारतो. मनापासून आभार.

जालनेकर

अभिनंदन, सर. एका पेचकसात काम झाले.

गोदाकाठचा फिटर (नांदेड)

सर, आवाज गेला याचा आनंद आहे, पण काम झालेले नाही. उलट आपल्या खडूच्या खुणांनी मला अधिक काळजीत टाकले आहे.

असा विचार करा. पत्रा वाकून पुढे आला होता आणि डिस्क मात्र सरळ फिरत होती असे धरले, तर पत्रा डिस्कला पूर्ण फेराभर घासायला हवा होता. मग "खर्रऽऽऽ" असा सलग आवाज आला असता. तो एका फेऱ्यात एकदाच आला, आणि दर वेळी टायरवरच्या त्याच खुणेपाशी आला. याचा अर्थ फिरणाऱ्या भागाची एक बाजू दुसरीपेक्षा आत झुकलेली आहे. पत्रा हलत नव्हता, डिस्क त्याच्याकडे येऊन जात होती. आपण पत्रा मागे सारलात, म्हणजे तक्रार करणाऱ्याला गप्प बसवलेत. डिस्कचे डोलणे अजून तसेच आहे, फक्त आता ते ऐकू येत नाही.

नवी डिस्क डोलायची कारणे मुख्यतः तीन. डिस्कच सदोष निघणे, हब वाकलेले असणे, किंवा हब आणि डिस्क यांच्यामध्ये काहीतरी अडकणे. पहिली दोन क्वचित आढळतात आणि तिसरे रोजचे आहे. पनवेलचे मी यासाठीच विचारले. खाडीच्या हवेत सहा पावसाळे काढलेल्या गाडीच्या हबवर गंजाचे जे पापुद्रे चढतात, ते मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीवर इतके चढत नाहीत. जुनी डिस्क ओढून काढली की त्यातले काही पापुद्रे हबवरच उभे राहतात. ते वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून हबचे तोंड पांढरे केल्याशिवाय नवी डिस्क चढवू नये, हा पहिला धडा. पण संध्याकाळची घाई असली की तो नेमका वगळला जातो.

पापुद्रा एवढासाच असतो, त्याने काय होणार, असे वाटेल. हबच्या तोंडाचा व्यास 140 मिलिमीटर आणि डिस्कचा 252 मिलिमीटर धरा. तोंडाच्या काठाशी 0.05 मिलिमीटरचा, म्हणजे साधारण कागदाच्या निम्म्या जाडीचा कण अडकला, तर डिस्क कलते आणि तिच्या काठाशी ते डोलणे 0.09 मिलिमीटर होते. बहुतेक गाड्यांत हे डोलणे 0.10 च्या आत हवे असते. काही उत्पादक याहून कडक मर्यादा देतात, म्हणून आपल्या गाडीचा आकडा तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावा. एक कण ही मर्यादा जवळजवळ एकटाच खाऊन टाकतो. पापुद्रे दोन-तीन असले तर विचारायलाच नको. एक नट सैल निघाला तोही यातच बसतो, कारण मध्ये सापडलेला गंज चालता चालता दबतो, चुरतो, आणि नटाचा ताण उतरतो.

आता करायचे ते असे. डायल गेज, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवणारे काट्याचे मापयंत्र, असलेल्या गॅरेजमध्ये जा. चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल राहते, कारण तिला धरणारे नट चाकाबरोबरच निघालेले असतात. म्हणून वॉशर घालून चारही नट पुन्हा आवळायला सांगा आणि मगच गेज लावू द्या. ही पायरी गाळली तर गेज काहीही दाखवते आणि चांगली डिस्क भंगारात जाते. आकडा जास्त आला तर डिस्कवर आणि हबवर समोरासमोर खूण करून डिस्क काढायची, एक नट पुढे, म्हणजे पाव फेरा फिरवून बसवायची आणि परत मोजायचे. सर्वात उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. हबच्या खुणेपाशीच राहिली तर दोष हबचा किंवा त्यावरच्या घाणीचा. यात अंदाजाला जागा उरत नाही, आणि वादालाही.

डिस्क काढताना हातोडा नको. पुष्कळ डिस्कना आटे पाडलेली दोन भोके त्यासाठीच दिलेली असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट घालून दोन्ही आलटून-पालटून थोडे थोडे आवळत गेले की डिस्क स्वतःहून हब सोडते.

वाहन-अभियांत्रिकी शिक्षिका (बीड)

काकांनी सांगितलेले शब्दशः बरोबर आहे. हे दुर्लक्षित राहिले तर पुढे काय होते, तेवढे मी सांगते, कारण त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत आणि म्हणूनच लोक ते विसरतात. डोलणाऱ्या डिस्कची पुढे आलेली बाजू, ब्रेक लावलेला नसतानाही, दर फेऱ्याला पॅडला किंचित चाटून जाते. हजारो किलोमीटर हे चालू राहिले की तेवढ्याच जागी डिस्क झिजते आणि तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मग एक दिवस 80-90 च्या वेगात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते, पायाखाली पॅडल धडधडते, आणि "ब्रेक तापून डिस्क वाकडी झाली" असे निदान होते. डिस्क लेथवर घासून आणली जाते, पुन्हा त्याच गंजलेल्या हबवर चढते, आणि काही महिन्यांत तीच थरथर परत येते.

गाडी उघडणारच आहात तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरकत्या पिनाही पाहून घ्या. त्या हाताने सहज आत-बाहेर व्हायला हव्यात. त्यांना ब्रेकसाठीचे, उष्णता सोसणारे ग्रीसच लावायला सांगा. डब्यातले नेहमीचे ग्रीस पिनांची रबरी बुटे फुगवते आणि नंतर पिन तिथेच अडकते. कॅलिपर बाजूला करताना तो रबरी नळीवर लोंबकळत सोडू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधायला लावा. नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फाटली की एका चाकाचा ब्रेक सुटत नाही.

घाटाच्या प्रश्नाचे कोणीच नीट उत्तर दिलेले दिसत नाही. सर, डायल गेज लावून खात्री होईपर्यंत धारूरच्या घाटात ही गाडी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्ता अरुंद, वळणे आंधळी, आणि ज्या चाकाचा नट पाच-सहा दिवसांत पाव फेरा सुटला तेच चाक उताराला सर्वात जास्त काम करणार. शिवाय नवे पॅड अजून बसलेले नाहीत. परभणीकरांचा मुद्दा या आवाजाला लागू नसला तरी इथे लागू आहे. दुरुस्तीनंतर मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत, थांबा न घेता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा आणि दर दोन वेळांच्या मध्ये डिस्कला वारा लागू द्या. मगच घाटाचा विचार करा. ब्रेक ऑइल किती वर्षांचे आहे तेही विचारा. डॉट 3 प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान 205 अंश सेल्सिअसला उकळते, तर हवेतला ओलावा मुरल्यावर त्याची मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली आलेली चालते असे मानक सांगते. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याला हा फरक एखाद्या वळणावर कळतो, जेव्हा पॅडल तळाला जाते. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर उतरावा.

मन्याडकाठ

ताई आणि काका, आपण दोघांनी लिहिलेले वाचून रविवारचा बेत बदलला. मावशीला एसटीने यायला सांगितले आणि आम्हीही एसटीनेच गेलो. घाटात खिडकीशी बसून वळणे मोजत होतो, ते असो.

मंगळवारी लातूरच्या त्याच गॅरेजमध्ये गेलो. दुसरीकडे जावे असे मनात होते, परंतु काम ज्यांच्या हातचे आहे त्यांनाच आधी दाखवावे असे वाटले. डायल गेज त्यांच्याकडे नव्हते. शेजारच्या लेथवाल्याकडून त्यांनी ते आणले. मिस्त्री सुरुवातीला नाराज होते. "आवाज बंद झाला, मग आता काय मोजायचं?" असे दोनदा म्हणाले. डाव्या डिस्कचे डोलणे 0.21 निघाले. त्यांनी लगेच डिस्क सदोष ठरवली आणि दुकानदाराला फोन लावायला घेतला, तेव्हा मी पाव फेऱ्याचा प्रयोग करून पाहू असे सुचवले. डिस्क फिरवून बसवली, तरी सर्वात उंच जागा हबवरच्या खुणेपाशीच राहिली. मिस्त्रींनी गेजकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता वायर ब्रश घेतला.

डिस्क पूर्ण उतरवल्यावर हबच्या तोंडावर दोन बोल्टांच्या मध्ये नखाएवढा गंजाचा पापुद्रा दबून चकचकीत झालेला दिसला. त्याच्याच समोर नव्या डिस्कच्या आतल्या बाजूला तेवढाच डाग उमटलेला होता. वीस मिनिटे घासल्यावर डोलणे 0.06 वर आले. मग त्यांनी स्वतःहूनच उजवे चाक उघडले. तिथे 0.12 होते, तेही साफ करून 0.05 वर आणले. उजव्या बाजूने आवाज कधीच आला नव्हता, कारण तिथला पत्रा वाकलेला नव्हता. एवढाच काय तो दोन बाजूंतला फरक. डाव्या कॅलिपरची खालची पिन कोरडी होती, तिला योग्य ग्रीस लावून घेतले. नट या वेळी टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. ब्रेक ऑइल किती जुने आहे ते कोणालाच सांगता आले नाही, म्हणून तेही बदलले.

पत्रा वाकला कसा, हे विचारले नाही. मिस्त्रींनीच डिस्कची आट्याची भोके बोटाने चाचपली आणि पोऱ्याला 8 चे दोन बोल्ट वेगळे काढून पेटीत ठेवायला सांगितले.

गोदाकाठचा फिटर (नांदेड)

सर, फार चांगले झाले. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट एकदा परत पाहा, गंज काढलेली जागा थोडी बसते. आणि मजुरीचे काय झाले?

मन्याडकाठ

काका, ऑइलचे तेवढे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. चहा त्यांनी तिथेच मागवला. बेअरिंगचा विषय दोघांनीही काढला नाही.